ओडीसी एन्झाइम अर्ध्या तासात का मोडतं? आणि पेशी पॉलिअमाइन मोजते कशी?

केवडा

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेजवर आहे, पुढे त्याला ओडीसीच म्हणते. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: ऑर्निथिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून पुट्रेसिन बनवायचं, हे या एन्झाइमचं काम. पुट्रेसिनपासून स्पर्मिडिन होतं आणि स्पर्मिडिनपासून स्पर्मिन. हे तिघं म्हणजे पॉलिअमाइन. धन प्रभाराचे छोटे रेणू, आरएनए-डीएनएला चिकटून असतात. ते नसतील तर पेशी वाढत नाही, आणि फार झाले तर मरते.

मी उंदराच्या एनआयएच ३टी३ पेशी वापरते. त्यांना आधी सीरमविना उपाशी ठेवायचं, मग सीरम द्यायचं. चार-पाच तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीत, ओडीसीची पट्टी छान दिसते. त्यानंतर सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवीन प्रथिनं बनणं थांबवलं की तासाभरात पट्टी जवळजवळ नाहीशी होते. सोबत एमजी१३२ दिलं, म्हणजे प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र बंद केलं, तर पट्टी टिकते. इथपर्यंत समजलं.

पण प्रोटिअसोम म्हटलं की युबिक्विटिन, म्हणजे मोडायच्या प्रथिनाला लागणारी खूण, आलंच, असं आम्हाला शिकवलंय. म्हणून ओडीसी अँटिबॉडीने ओढून काढलं आणि युबिक्विटिनसाठी ब्लॉट केला. काहीच नाही. त्याच ब्लॉटवर पी५३ ला, म्हणजे युबिक्विटिन लागून मोडणाऱ्या ओळखीच्या प्रथिनाला, मात्र शिडीसारखे पट्टे व्यवस्थित आले.

दुसरी गोष्ट. माध्यमात स्पर्मिडिन टाकलं तर ओडीसीचं प्रथिन कमी होतं, पण क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची पद्धत) त्याचा एमआरएनए, म्हणजे जीनवरून निघणारा संदेश, होता तेवढाच दिसतो. मग स्पर्मिडिन वाढलंय हे पेशीला कळतं कुठून? रिसेप्टर कुठला?

आणि मला सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न हा आहे: ४६१ अमिनो आम्लांचं प्रथिन एवढी ऊर्जा खर्चून बनवायचं आणि वीस-तीस मिनिटांत मोडून टाकायचं, हा उधळेपणा पेशीला परवडतो कसा?

---

बांधावरून

मी वनस्पतींवर काम करतो, त्यामुळे तुमच्या ब्लॉटबद्दल बोलणार नाही. एक माहिती मात्र देतो. पुट्रेसिन बनवायला ओडीसी हवंच असं नाही. वनस्पतींमध्ये आर्जिनिनपासून निघणारा दुसरा रस्ताही असतो, त्यात आर्जिनिन डीकार्बॉक्सिलेज काम करतं. अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वनस्पतीत तर ओडीसीचा जीनच नाही, सगळं त्या दुसऱ्या रस्त्याने चालतं. त्यामुळे ओडीसी मोडण्याची तुम्ही म्हणता ती यंत्रणा प्राण्यांची आणि बुरशीवर्गाची समजा. आमच्याकडे नियंत्रणाचा भर पुढच्या पायरीवर, म्हणजे पुट्रेसिनचं स्पर्मिडिन व्हायला लागणाऱ्या एस-अडेनोसिलमेथिओनिन डीकार्बॉक्सिलेज या एन्झाइमवर, जास्त दिसतो.

---

जास्वंद

केवडा, तुझा युबिक्विटिनचा ब्लॉट कोरा आला हे अगदी बरोबर आहे. तो फेकू नकोस, प्रकल्पाच्या अहवालात लाव. पी५३ चा पट्टा शेजारी आहे म्हणजे पद्धतही चालली आहे. माझं पीएच.डी. अँटिझाइमवर झालं, आता पदवीच्या मुलांना शिकवते. या विषयावर कोणी विचारलं की मला थांबता येत नाही, तेव्हा उत्तर लांबणार आहे.

ओडीसी एकटं काम करत नाही. दोन साखळ्या जोडीने बसतात. दोन्ही क्रियास्थळं त्या जोडाच्या फटीत असतात, आणि प्रत्येक स्थळाला थोडे अवयव या साखळीचे, थोडे त्या साखळीचे लागतात. म्हणजे सुटी साखळी निरुपयोगी. आता ही जोडी घट्ट नसते. साखळ्या सारख्या सुटतात, पुन्हा जुळतात. त्या सुटलेल्या क्षणी अँटिझाइम नावाचं एक छोटं प्रथिन येऊन साखळीला धरतं. साखळ्यांची एकमेकींवर जेवढी पकड असते त्यापेक्षा अँटिझाइमची पकड पक्की. त्यामुळे एन्झाइमचं काम तिथल्या तिथे थांबतं. मोडायची वेळ नंतर येते.

मोडण्याचं असं आहे की ओडीसीच्या शेवटी ३७ अमिनो आम्लांची एक सैल शेपटी आहे. अँटिझाइम बसलं की ती मोकळी होते आणि २६एस प्रोटिअसोम तिलाच धरून अख्खी साखळी आत ओढतो. युबिक्विटिनची खूण लागत नाही. अँटिझाइम मात्र आत जात नाही, सुटून पुढच्या साखळीकडे वळतं. १९९२ मध्ये मुराकामी, मात्सुफुजी, हायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधून हे दाखवलं. प्रोटिअसोमचं गिऱ्हाईक म्हणजे युबिक्विटिन लागलेलं प्रथिन, असं सगळे धरून चालले होते त्या काळात! आजही पाठ्यपुस्तकात ओडीसी एका ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं, कारण नियम कुठे संपतो हे त्याच्यावरूनच मुलांना नीट दिसतं.

ती शेपटी तुझ्या प्रयोगशाळेत कदाचित आधीच असेल. अल्पायुषी हिरवं प्रथिन, डी२ईजीएफपी, फ्रीजरमध्ये आहे का बघ. जेलीफिशच्या त्या टिकाऊ प्रथिनाला उंदराच्या ओडीसीचीच शेपटी जोडलेली आहे, आणि तेवढ्याने त्याचं अर्धायुष्य दोनेक तासांवर येतं.

आता तुझा रिसेप्टरचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच.

पॉलिअमाइनसाठी इथे वेगळा रिसेप्टर नाही. मोजमाप रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जोडणारं यंत्र, करतो, अँटिझाइमचा एमआरएनए वाचता वाचता.

त्या एमआरएनएमध्ये दोन वाचनचौकटी आहेत, म्हणजे अक्षरं तीन-तीनने वाचायचे दोन मार्ग. रायबोसोम पहिली चौकट वाचत येतो, सत्तरेक अमिनो आम्लं जोडतो, आणि यूसीसी या कोडॉनपाशी, म्हणजे तीन अक्षरी शब्दापाशी, पोचतो. पुढचा कोडॉन यूजीए, म्हणजे थांबा. पेशीत पॉलिअमाइन कमी असतील तर रायबोसोम बहुतेक वेळा तिथेच थांबतो, सुटतो, आणि हाती येतो एक निकामी तुकडा. पॉलिअमाइन भरपूर असतील तर तो यूजीएमधलं पहिलं यू ओलांडतो, एक अक्षर पुढे सरकून जीएयू वाचतो, तिथे अॅस्पार्टिक आम्ल जोडतो आणि दुसऱ्या चौकटीत शिरून शेवटपर्यंत जातो. मगच पूर्ण अँटिझाइम बनतं. यूजीएच्या पुढे आरएनएची एक गुंतागुंतीची गाठ असते, तीही या सरकण्याला मदत करते. सस्तन प्राण्यांमध्ये हे १९९५ मध्ये मात्सुफुजी आणि युटामधल्या अॅटकिन्स-गेस्टलँड यांच्या गटाने सिद्ध केलं.

म्हणजे पॉलिअमाइन वाढले, चौकट सरकण्याचं प्रमाण वाढलं, अँटिझाइम वाढलं, ओडीसी घटलं, पुट्रेसिन बनणं घटलं. यात ओडीसीच्या जीनला हात लावायची गरजच पडली नाही. तुझा क्यूपीसीआर सपाट का आला ते यात आलं. अँटिझाइमच्या एमआरएनएची पातळी मोजलीस तरी फारसा फरक दिसणार नाही. तो एमआरएनए पेशीत आधीपासून मुबलक असतो, फक्त वाचला जाण्याची वाट बघत.

शिवाय अँटिझाइम एवढ्यावर थांबत नाही. बाहेरून पेशीत येणाऱ्या पॉलिअमाइनची आवकही तेच रोखतं. ओडीसी बंद केलं पण बाहेरून स्पर्मिडिन आत येतच राहिलं तर काय उपयोग!

उधळेपणाबद्दल. मी तुझ्या जागी होते तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा, आणि माझ्या मार्गदर्शकांनी मला फळ्यावर एकच समीकरण लिहून दिलं होतं. एखाद्या प्रथिनाची पातळी नव्या ठिकाणी किती लवकर पोचेल हे ते किती जोरात बनतं यावर ठरत नाही, ते किती लवकर मोडतं यावर ठरतं. गच्चीवरच्या टाकीचा विचार कर. खालचा नळ बारीक असेल तर वरची मोटर बंद केली तरी पाणी दिवसभर पुरतं. नळ सताड उघडा असेल तर मोटर बंद होताच टाकी रिकामी. आकड्यात बघ: अर्धायुष्य २० मिनिटं असेल तर उत्पादन थांबल्यावर तासाभरात आठवा हिस्सा उरतो. अर्धायुष्य २४ तास असतं तर त्याच तासात ९७ टक्के तसंच राहिलं असतं. चढतानाही तेच. वाढीचा निरोप आला की ओडीसी काही तासांत कितीतरी पटींनी वर जाऊ शकतं, ते त्याच्या अल्पायुष्यामुळेच.

१९६८ मध्ये डायेन रसेल आणि सॉलोमन स्नायडर यांनी उंदीरवर्गातल्या रॅटच्या यकृताचा भाग कापून काढल्यावर उरलेलं यकृत वाढताना हेच मोजलं: ओडीसीची क्रिया भराभर चढली. पुढच्याच वर्षी त्यांनी अर्धायुष्य काढलं तर ते दहा-अकरा मिनिटांच्या आसपास भरलं. एवढं अल्पायुषी एन्झाइम सस्तन प्राण्यांत तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

अँटिझाइम हे नाव त्याआधी नाही, १९७६ चं आहे. येलमध्ये हेलर, फाँग आणि कॅनेलाकिस यांनी ते दिलं. पेशींना पुट्रेसिन दिलं की ओडीसीला रोखणारं एक प्रथिन तयार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. उत्पादितानेच आपल्या एन्झाइमचा रोधक बनवून घ्यायचा, ही कल्पना अनेकांना पटायला वेळ लागला.

---

केवडा

मॅडम, खूप आभार! वाचून झाल्यावर वहीत सगळं पुन्हा काढलं. दोन शंका आहेत.

एक, ओडीसी आणि अँटिझाइम एवढंच असेल तर वाढणाऱ्या पेशीत ओडीसी टिकतं कसं? तिथेही थोडंफार अँटिझाइम असणारच.

दोन, वर बांधावरून यांनी पुढच्या पायरीचा उल्लेख केला. ते एन्झाइमसुद्धा असंच मोडतं का?

---

जास्वंद

पहिल्याचं उत्तर: अँटिझाइमलाही धरणारा आहे. त्याचं नाव अँटिझाइम इनहिबिटर. दिसायला तो ओडीसीचा सख्खा भाऊ, घडण जवळजवळ तीच, पण एन्झाइमचं काम अजिबात येत नाही. अँटिझाइम त्याला ओडीसीपेक्षाही घट्ट धरतं. त्यामुळे हा वाढला की अँटिझाइम त्याच्यातच गुंतून पडतं आणि ओडीसी मोकळं राहतं. वाढीचा निरोप आला की हाही लवकर वाढतो. गंमत बघ, याचं स्वतःचं मोडणं मात्र नेहमीच्या रीतीने, युबिक्विटिन लागून होतं, आणि अँटिझाइमला चिकटलेला असताना तो उलट जास्त टिकतो. ओडीसी आणि अँटिझाइम, तसंच इनहिबिटर आणि अँटिझाइम, या दोन्ही जोड्यांच्या स्फटिकरचना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघ, मी वर लिहिलं ते डोळ्यांना दिसेल.

यकृताच्या काही कर्करोगांत याच इनहिबिटरच्या आरएनएमध्ये एक अक्षर बदललं जातं. त्यामुळे ३६७ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन येतं, आणि त्याची अँटिझाइमवरची पकड आणखी घट्ट होते. डीएनए जसाच्या तसा, बदल फक्त आरएनएमध्ये. हे २०१३ मध्ये समोर आलं.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, तिथे यंत्रणा निराळी आहे, पण सूत्र तेच. एस-अडेनोसिलमेथिओनिन डीकार्बॉक्सिलेजच्या एमआरएनएमध्ये मुख्य संदेशाच्या आधी एक इवलीशी वाचनचौकट आहे. सस्तन प्राण्यांत ती फक्त सहा अमिनो आम्लांची: मेथिओनिन, अॅलानिन, ग्लायसीन, अॅस्पार्टिक आम्ल, आयसोल्युसिन, सेरीन. पॉलिअमाइन जास्त असतील तर हे सहा जोडून झाल्यावर रायबोसोम तिथेच अडकून पडतो, मागून येणाऱ्यांचीही वाट अडते, आणि मुख्य एन्झाइम बनत नाही. पुन्हा तेच बघ. मोजणारा रायबोसोमच.

त्याखेरीज मानवी एन्झाइमला पुट्रेसिन थेट चेतवतं. पुट्रेसिन साचलं म्हणजे स्पर्मिडिनकडे जायला हवं, हे त्याला तिथेच कळतं.

मोडतोडीच्या बाजूला एसएसएटी नावाचं एन्झाइम आहे. ते स्पर्मिडिन-स्पर्मिनला अॅसिटिल गट लावून त्यांना बाहेर घालवायची किंवा मोडायची सोय करतं. त्याचंही आयुष्य अल्प, पण उलट दिशेने: पॉलिअमाइन वाढले की तेही वाढतं आणि टिकतं. त्यात फार खोल जात नाही, प्रकल्पाचा विषय तो नाही.

---

पांथस्थ

मी औषधशास्त्र शिकवतो. जास्वंद यांनी मोडण्याच्या वेगाबद्दल जे लिहिलंय त्याच वेगावर मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या हजारो रुग्णांचे प्राण वाचले आहेत, ते इथे यायला हवं.

निद्रारोग हा त्से-त्से माशीतून पसरतो. रोगकारक ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय परजीवी. मेंदूपर्यंत पोचलेल्या आजारावर पूर्वी मेलार्सोप्रोल द्यायचे. ते आर्सेनिकचं औषध, उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्के त्या औषधानेच दगावायचे. मग आलं एफ्लॉर्निथिन, म्हणजे डीएफएमओ. हे ओडीसीत शिरतं, एन्झाइम त्याच्यावर नेहमीची क्रिया करू जातं आणि त्या भरात स्वतःच कायमचं बंद पडतं. मुळात ते कर्करोगासाठी तपासलं जात होतं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठातल्या सायरस बाकी आणि सहकाऱ्यांनी ते ट्रिपॅनोसोमा झालेल्या उंदरांना दिलं आणि उंदीर बरे झाले. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला निद्रारोगासाठी मान्यता मिळाली.

आता प्रश्न असा की ओडीसी माणसातही आहे आणि परजीवीतही. औषध दोन्हींना लागू पडतं. मग माणूस का वाचतो? केवडा, तुमच्या ब्लॉटवरची पट्टी जाते ना, त्यातच उत्तर आहे. आपलं ओडीसी मोडून नवं येत राहतं, बंद पडलेल्याची जागा भरून निघते. ट्रिपॅनोसोमाच्या ओडीसीला ती शेपटी नाही, त्याच्याकडे अँटिझाइमही नाही, त्याचं ओडीसी तासन् तास टिकतं. एकदा बंद पडलं की बंद. त्यातून स्पर्मिडिन वापरून तो ट्रिपॅनोथायोन नावाचा आपला संरक्षक रेणू बनवतो, तोही घटतो. रोडेसिएन्से या पूर्व आफ्रिकेतल्या उपप्रकारात मात्र ओडीसी अधिक लवकर बदलतं, आणि त्यावर हे औषध कमी चालतं.

उपचार सोपा नव्हता. १४ दिवस, दर सहा तासांनी शिरेतून. जिथे सलाईनच्या बाटल्या वाहून न्यायला रस्ता नाही तिथे. त्यात नफा नाही म्हणून १९९० च्या दशकात उत्पादन थांबलं. त्याच रेणूचं चेहऱ्यावरचे केस कमी करणारं क्रीम मात्र २००० मध्ये श्रीमंत देशात बाजारात आलं. हे शिकवताना मला दर वर्षी संताप येतो, आणि यावा असंच मला वाटतं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन पुरवठा पुन्हा सुरू झाला. पुढे निफर्टिमॉक्सच्या जोडीने देऊ लागले तेव्हा शिरेतल्या औषधाचे दिवस ७ वर आले आणि दिवसाला दोनच वेळा पुरे झालं. आता फेक्सिनिडाझोल या गोळ्या आल्यात.

कर्करोगातही ते औषध शेवटी पोचलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गंभीर न्यूरोब्लास्टोमा झालेल्या मुलांसाठी, आजार उलटू नये म्हणून, त्याला मान्यता मिळाली. या गाठींत बऱ्याचदा एमवायसीएन हा जीन वाढलेला असतो आणि तो ओडीसीचा जीन चढवतो.

---

जास्वंद

पांथस्थ, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. त्यात माणसाकडून एक पुरावा जोडते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका लहान मुलीचा आजार प्रसिद्ध झाला. विकासात मागे, डोक्यावर-भुवयांवर केस नाहीत. तिच्या ओडीसीच्या जीनच्या एका प्रतीत वेळेआधी थांबा आला होता आणि शेवटची १४ अमिनो आम्लं गळाली होती. एन्झाइम व्यवस्थित चालत होतं, फक्त मोडत नव्हतं. या आजाराला आता बॅकमन-बप सिंड्रोम म्हणतात. तिला डीएफएमओ दिल्यावर केस उगवले. केवडा, तू विचारलंस ना पेशीला मोडणं परवडतं कसं. न मोडणं परवडत नाही.

आता प्रकल्पाचं काम.

स्पर्मिडिन देताना माध्यमात काय घालतेस ते तू लिहिलं नाहीस. वासराच्या सीरममध्ये एक अमाइन ऑक्सिडेज असतं. ते स्पर्मिडिन-स्पर्मिनचं ऑक्सिडीकरण करून अॅल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, दोन्ही पेशींना विषारी. मग ओडीसी घटलं ते स्पर्मिडिनमुळे की पेशी मरायला लागल्या म्हणून, हे सांगता येणार नाही. १ मिलिमोलर अमिनोग्वानिडिन घाल, आणि एक थाळी फक्त अमिनोग्वानिडिनची ठेव.

स्पर्मिडिन आणि सायक्लोहेक्झिमाइड एकत्र दिलेली एक थाळीही कर. अँटिझाइम नव्याने बनायला रायबोसोम चालू लागतो, त्यामुळे स्पर्मिडिनने मोडण्याला जो वेग येतो तो तिथे दिसायला नको. दिसला तर मला लिही.

पांथस्थ यांचं डीएफएमओ मिळालं तर तेही दे. क्रिया बंद, पण ब्लॉटवर पट्टी गडद होईल. दचकू नकोस. पुट्रेसिन-स्पर्मिडिन घटल्यामुळे अँटिझाइम घटतं आणि निकामी ओडीसी साचतं. क्रिया मोजायची झालीच तर बफरमध्ये डीटीटी आणि पायरिडॉक्सल फॉस्फेट ताजं घाल.

---

केवडा

अमिनोग्वानिडिन घातलं नव्हतं. विभागात आहे, उद्याच नव्याने लावते. सर, ट्रिपॅनोसोमाचं वाचून आमच्या खोलीत रात्री बराच वेळ चर्चा झाली.

शेपटी नसलेलं ओडीसी पेशीत घालून तुलना करायचा विचार आहे. प्लाझमिड दुसऱ्या प्रयोगशाळेतून मिळू शकतं. अँटिबॉडी आहे तीच चालेल ना?

---

जास्वंद

आधी कागद बघ, अँटिबॉडी प्रथिनाच्या कुठल्या भागावर बनवली आहे. शेवटच्या टोकाच्या तुकड्यावर बनवलेली असेल तर शेपटी कापलेलं ओडीसी तिला दिसणारच नाही, आणि तुला वाटेल की प्रथिन बनलंच नाही. तसं असेल तर पुढच्या टोकाला फ्लॅग, म्हणजे वेगळ्या अँटिबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण, जोडलेलं प्लाझमिड माग. मागच्या टोकाला जोडलेलं नको, तिथे काहीही चिकटवलं की शेपटीच्या कामात ढवळाढवळ होते.